गयाबाईचा अर्धा राहिलेला शॉट

बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला काढता येत नाही. तो सरकारी असतो, त्यावर नंबर असतो, आणि तो काढला तर पुढच्या लसीकरणाला जनावरांचे डॉक्टर मालकावर रागावतात. सतराव्या शतकातल्या बैलाच्या कानात मात्र तो असून चालत नाही. दुसरबीडच्या एका शेतकऱ्यानं ही अडचण माझ्यासाठी चुटकीसरशी सोडवली. "बिल्ल्याले हात नका लावू मॅडम. शिंगाले गोंडा बांधा, जरा सैल सोडा. कान झाकते." मी वहीत लिहिलं : सर्जा, डावा कान, लाल गोंडा. पुढचे चार दिवस रोज सकाळी मी आधी नायकाच्या मिशा तपासायची आणि मग सर्ज्याचा गोंडा. खरं सांगायचं तर गोंडा जास्त वेळा जागेवर असायचा.

मी ऐतिहासिक चित्रपट आणि मालिकांमध्ये कंटिन्युटी बघते. बावीस वर्षं झाली. देऊळगाव राजाला माहेरी गेले की भावाचे शेजारी अजूनही विचारतात, "म्हंजे तुम्ही हिरॉइनीच्या साड्या सांभाळता का?" साड्याही सांभाळते. पण काम त्याहून थोडं मोठं आहे. पडद्यावर जो प्रसंग तीन मिनिटांत घडतो, तो आम्ही दोन-तीन दिवस तुकड्या-तुकड्यांत काढलेला असतो, आणि तुकडेही क्रमानं नसतात. सोमवारी नायकानं अर्धी भाकरी खाल्ली असेल तर बुधवारी त्याच्या ताटात अर्धीच भाकरी हवी, ती त्याच बाजूनं मोडलेली हवी, आणि त्यानं ती उजव्याच हातात धरलेली हवी. पदर कोणत्या खांद्यावर, समई किती जळलेली, घाम कपाळावर की मानेवर, हे सगळं एका माणसानं लिहून ठेवायचं असतं. तो माणूस मी.

जुन्या काळाचा चित्रपट असला की दुसरं काम येतं. त्या काळात नसलेली वस्तू चौकटीत शिरू द्यायची नाही. इतिहासाचे सल्लागार असतात, ते विद्वान असतात, पण ते पुण्यात बसून पटकथा वाचतात. पटकथेत कुणी "बाईच्या दंडावर लसीचा वण" असं लिहीत नाही. तो वण चित्रीकरणाच्या सकाळी बाईबरोबर येतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक यादी कायम असते : घड्याळ काढल्यावर मनगटावर राहणारी फिकट पट्टी, चष्म्याचे नाकावरचे दोन खळगे, नायलॉनची वेसण, टायरची चाकोरी, गाजरगवत, प्लॅस्टिकच्या बांगड्या. ही यादी दरवर्षी वाढते. आमच्या जिल्ह्यात तर शेवटची नोंद नेहमी एकच असते, सोयाबीन. एका दिग्दर्शकाला चिखलीच्या रस्त्यावर हिरवंगार रान दिसलं आणि त्यानं गाडी थांबवली. "ताई, काय सुंदर आहे! इथून घोडदळ येऊ दे." मी म्हटलं, "येऊ दे, पण हे पीक आपल्याकडे माझ्या लहानपणी आलं." त्यानं बिचाऱ्यानं रान सोडलं आणि दिवसभर माझ्याशी कमी बोलला.

हे काम करताना माणसांचं कसब बघायला मिळतं, तोच खरा पगार वाटतो. कपडेपटातले दादा नवंकोरं लुगडं चहाच्या पाण्यात बुडवून, दगडावर घासून दोन दिवसांत दहा वर्षं जुनं करतात, तेही कोपर आणि गुडघा जिथे घासतो तिथेच. एक सुतार आहेत, ते गाडीच्या लाकडी चाकाला ऐन वेळी अशी भेग पाडून देतात की ती आजोबांच्या काळापासून असावी. अशा लोकांमध्ये माझं काम फक्त चूक पकडण्याचं. ज्या दिवशी मला कुणी हाक मारत नाही तो दिवस चांगला गेला असं समजायचं.

आणि तरी माझी सगळ्यात मोठी चूक मी पकडली नव्हती. ती सांगितल्याशिवाय गयाबाईची गोष्ट सांगता येणार नाही.

बीबीच्या बाजूला एका माळावर आम्ही यादवकाळातला बाजार उभा केला होता. आसपासच्या गावांतून पंचवीस-तीस बाया गर्दीसाठी घेतल्या होत्या. सहा दिवस चित्रीकरण चाललं. मी यादी हातात धरून हिंडत होते : प्लॅस्टिक नाही, चप्पल नाही, घड्याळाचा पट्टा नाही. बाजाराच्या मधोमध लाल मिरच्यांचे तीन मोठे ढीग होते. फार देखणे दिसत होते. मी त्यांच्याजवळून दिवसातून वीस वेळा गेले असेन. वऱ्हाडात वाढलेल्या बाईला मिरची नसलेला बाजार सुचतच नाही. संकलनाच्या वेळी सल्लागारांनी चित्रफीत थांबवली आणि शांतपणे विचारलं, "मिरची? पोर्तुगीज यायला अजून बराच अवकाश आहे." मिरच्यांशिवायचा एकही शॉट नव्हता. सगळा बाजार काढून टाकला. मला तेव्हा आपल्या नावाला लागलेला डाग दिसला, बाजारातल्या बाया आठवल्या नाहीत.

दोन वर्षांनी दुसरबीडजवळच्या एका शेतात सतराव्या शतकातलं खळं उभं केलं. प्रसंग छोटा होता. बाई ज्वारी उफणते आहे, सरदार घोड्यावरून येतो, धान्य मागतो, बाई त्याला तीन वाक्यं सुनावते. बाईच्या कामासाठी पुण्याहून नटी आली होती. उफणायचं म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहून भरली पाटी डोक्याच्या वर धरायची आणि बारीक धारेनं खाली सोडायची. वारा भूस दूर नेतो, दाणा पायाशी पडतो. नटीनं प्रामाणिक प्रयत्न केला, आणि दोन्ही तिच्या डोक्यावर पडलं. तिला शिकवायला गावातली गयाबाई बोलावली होती. पासष्टीची, काटक, जन्मभर दुसऱ्यांच्या खळ्यांवर राबलेली. ती तिवईवर चढली, पाटी तिरपी केली, आणि धार पडायला लागली. ती धार तुटत नव्हती. आमचा दिग्दर्शक निखिल, वय पस्तिशीच्या आत, तो तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि म्हणाला, "बाईचं काम मावशींनाच देऊ. संवाद पाठ होतील का त्यांना?"

"तीन गोष्टी बोलाच्या हायेत ना? मी सुनेसंगं दिवसभर बोलतो," गयाबाई म्हणाली. "पण मी दिसन का? ते आधी सांगा."

निखिल हसला. ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मागं बीबीकडे शूटिंग झालतं. मी सहा दिवस गेली. गावाले सांगतलं, पोरीले फोन करून सांगतलं. मंग पिक्चर आला तं आमी कोणीच नाही! एक बोटसुदिक नाही. माही जाऊ शांताबाई हाय, ते आजपावतर मले नळावर पाहून म्हणते, 'सरका वं, हिरॉइन आली.' या बारी दिसलं पाह्यजे. नाही तं मी येत नाही."

मला गप्प बसता आलं असतं. पण ज्या बाईचा पदर रोज तपासायचा तिच्याशी लपवाछपवी करून काम होत नाही. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्या बाजारात मिरच्या होत्या, त्या काळात आपल्याकडे मिरची नव्हती, आणि ते बघायचं काम माझं होतं.

"मिरचीपायी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मिरचीनं डोळे चुरचुरते हे ठाव होतं. मिरचीनं तीस बाया गायब होते हे पयल्यांदा आयकलं." मग पोटभर हसली आणि हसता हसताच म्हणाली, "आता तुमच्यावर हाय बाई. मी माहं काम करतो. तुमी मले दिसू द्या."

पहिल्या दिवशी सगळं नीट झालं. खळ्यावर पाय ठेवायच्या आधीच तिनं कॅमेऱ्याच्या पोरांना अडवलं. "ओ भाऊ, जोडे बाहेर! रास पडून राह्यली इथं." सारवलेल्या खळ्यावर बुटांच्या नक्षीचे ठसे उमटू नयेत म्हणून मी ज्यांच्या मागे सकाळपासून लागले होते, ते सगळे एका दमात अनवाणी झाले. दुपारी मावळतीकडून वारा सुटला. वारा पाठीवर घेऊन, उगवतीकडे तोंड करून ती उभी राहिली. सरदाराचा घोडा तिच्या समोर, भूस जिथे पडत होतं त्या पट्ट्याच्या जरा बाहेर. लांबचा शॉट झाला. "धान्य भरा, आजच्या आज," असं सरदार म्हणाला, आणि तिनं वरूनच पहिलं वाक्य टाकलं : "रास व्हायची हाय अजून." उन्हं उतरली म्हणून जवळचे शॉट आणि उरलेली दोन वाक्यं दुसऱ्या दिवशीवर ठेवली. मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि लिहिलं : तोंड पूर्वेला, पाटी रिकामी, दोन्ही हात वर, पदर खोचलेला, भुसाचा ढीग समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर पोचले आणि गाडीतून उतरल्या-उतरल्या वारा माझ्या चुकीच्या गालाला लागला. रात्रीतून आभाळ आलं होतं आणि वारा उगवतीकडून वाहत होता.

गयाबाई तिवईजवळ उभी होती. तिला मी सांगण्याआधीच कळलं होतं. "तिकडं तोंड केलं तं सारं भूस माह्या डोळ्यात," ती म्हणाली.

पण कालच्यासारखं तिकडेच तोंड हवं होतं. नाहीतर एका क्षणी बाई सरदाराकडे बघते आहे आणि पुढच्या क्षणी तिची पाठ त्याच्याकडे, असं झालं असतं. एकदा करून बघितलं. डोळे मिटून तिनं पाटी सोडली, भूस परत तिच्याच तोंडावर आलं, आणि राखणीला आलेला शेताचा मालक बांधावरून ओरडला, "अवं गयाबाई, येडी झाली का वं? असं कोणी उपणते?" तेवढ्यानंच माझ्या वहीत फुली पडली. खळं माहीत असलेला प्रत्येक प्रेक्षक हेच म्हणणार होता. मग वादळाच्या प्रसंगासाठी आणलेला मोठा पंखा उलट बाजूनं लावला. त्याच्या झोतात भूस आणि दाणा एकत्रच उडाले, घोडा बिथरला, आणि गयाबाई खाली उतरून दाणे गोळा करायला लागली. "अन्न हाय बापा ते," एवढंच म्हणाली.

सरदाराचं काम करणारा नट दुपारी दोनला निघणार होता आणि पुढे त्याच्या तारखा नव्हत्या. सव्वाअकरा झाले होते. निखिल माझ्याकडे आला. "ताई, तिची दोन वाक्यं काढू. सरदार दरडावतो, ती गप्प राहते. त्याचा जवळचा शॉट घेतो. कालच्या लांबच्या शॉटमध्ये ती आहेच की."

लांबच्या शॉटमध्ये ती अंगठ्याएवढी होती. तिला तिच्या पोरीनंही ओळखलं नसतं.

आमच्या कामाचा एक रिवाज आहे. जुळतं की नाही एवढं सांगायचं. जुळत नसेल तर काय करायचं ते दिग्दर्शक ठरवतो. कंटिन्युटीवाल्यानं प्रसंग सुचवायला लागायचं नाही. बावीस वर्षं मी तो पाळला होता, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना पाळायला लावला होता. त्या दिवशी मी निखिलला "दोन मिनिटं" म्हटलं आणि गयाबाईकडे गेले.

"मावशी, खरोखरच्या खळ्यावर मधेच वारा फिरला तर काय करता?"

"काय करतो म्हंजे?" ती वैतागलेली होती. "तिवई फिरवतो. वाऱ्यासंगं भांडतो काय?"

"आणि समोर कोणी मोठा माणूस उभा असला तर?"

"तो फिरून येईन ना इकडून! घोड्यावर तोच हाय, मी थोडीच हाय."

मी वही उघडली. काल शेवटच्या शॉटच्या शेवटी पाटी रिकामी होती. म्हणजे हवेत भूस नव्हतं. म्हणजे तिथून पुढे वारा कुठूनही असला तरी पडद्यावर तो दिसणार नव्हता, ती स्वतः दाखवीपर्यंत. मी निखिलला फोटो दाखवले आणि एका दमात सांगून टाकलं. कालच्याच जागी, कालच्याच तोंडानं, रिकामी पाटी घेऊन ती उभी आहे. वारा पडला आहे. ती चिमूटभर भूस हवेत सोडून बघते. वारा फिरलाय. ती खाली उतरते, तिवई ओढून उलटी करते, पाटी भरून वर चढते आणि उफणायला लागते. सरदार तिथेच उभा आहे आणि आता त्याच्याकडे तिची पाठ आहे. उरलेली दोन वाक्यं ती मागे न बघता बोलते.

सरदाराच्या नटाला ते पटलं नाही. "मी सरदार आहे. माझ्याकडे पाठ करून बोलेल ती?"

"तेच तर," निखिल म्हणाला. त्याचा चेहरा बदलला होता. "काका, तुम्ही दरडावताय आणि तिला वाऱ्याची काळजी आहे. तुम्हाला राग यायला दुसरं काही करायची गरज नाही."

पहिल्याच वेळेला शॉट झाला. मी खूप नट-नट्या जवळून बघितल्या आहेत, त्यातले काही फार मोठे. पण चिमटीतलं भूस हवेत सोडून त्याच्या मागे नजर नेणारी गयाबाई मी विसरणार नाही. ती अभिनय करत नव्हती, तिला खरंच बघायचं होतं. तिवई तिनं एकटीनं ओढली, मदतीला धावलेल्या पोराला हातानंच लांब ठेवलं. वर चढली. धार सुरू झाली. "अर्धी रास उचलत नसते," ती धारेकडे बघत म्हणाली. थोडं थांबून, तितक्याच साध्या आवाजात : "आन् घोडं खळ्याबाहेर घ्या." सरदाराच्या चेहऱ्यावर जे आलं ते खरं होतं, कारण तोपर्यंत पाठ बघून तो नट मनापासून चिडला होता. दीडला काम संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाईनं मला विचारलं, "आता दिसन ना?" मी म्हटलं, "दिसाल."

चार महिन्यांनी संकलनाच्या खोलीत मी तो प्रसंग बघितला. सुरेख बसला होता. एकही सांधा दिसत नव्हता. आणि तेव्हा मला ते दिसलं. तिची दोन्ही वाक्यं तिच्या पाठीवर होती. चौकटीच्या कडेला, बाजूनं दिसणारा सरदाराचा संतापलेला चेहरा, आणि बाकी सगळी तिची पाठ, पाटी, धार. चौकट इतकी चांगली होती की ती बदला असं म्हणायला मला तोंड नव्हतं. गयाबाईचा चेहरा होता तो फक्त भूस हवेत सोडतानाचा. मी मोजले, सहा सेकंद. जिला दिसायचं होतं तिला मीच पाठमोरं केलं होतं. मी निखिलला काही बोलले नाही आणि गयाबाईला फोनवर नुसती तारीख सांगितली. त्या वेळी धीर झाला नाही, हे इथे कबूल करते.

चित्रपट जालन्याला लागला. गावातून अकरा बाया भाड्याच्या जीपमधून निघाल्या, मी देऊळगाव राजाला त्यांच्यात बसले. गयाबाई नव्या लुगड्यात होती. मागच्या सीटवर शांताबाई होत्या आणि त्या वाटभर म्हणत होत्या, "पाहू बापा, या बारी काय गायब होते ते. मागच्या बारी मिरची, या बारी मीठ असन."

थिएटर बऱ्यापैकी भरलेलं होतं. खळं आलं. लांबच्या शॉटमध्ये अंगठ्याएवढी आकृती दिसली, आणि मी अजून श्वास घेते आहे तोच आमच्या रांगेतून एक बाई ओरडली, "गयाबाई वं! पाटी पाहा कशी धरली!" मग ते सहा सेकंद आले. बाया कुजबुजल्या, कुणीतरी शिट्टी मारली. तिवई फिरली, ती वर चढली, आणि पडदाभर तिची पाठ.

"अर्धी रास उचलत नसते."

"अवं, हे पाठ काऊन दाखवून राह्यली?" शांताबाईंचा आवाज अख्ख्या थिएटरला ऐकू गेला. "बोलाचं तं तोंड दाखवाव ना!"

मी खुर्चीत खाली सरकले. शेजारी गयाबाई उठून उभी राहिली.

"शांते, वारा कुठून हाय ते पाह्य ना!"

मागून कुणीतरी "बसा हो" म्हणालं. आमच्या पुढच्या रांगेत एक टोपीवाले म्हातारे होते, कुठल्या गावचे माहीत नाही. ते मागे न वळता म्हणाले, "बराबर हाय तिचं. भूस तोंडावर कोण घेते?" दोन-चार जण हसले. पलीकडून आणखी एक आवाज आला, "वारा फिरला ना भाऊ, मंग!" पडद्यावर सरदार घोडं मागे घेत होता, आणि थिएटरमधली निम्मी माणसं त्याच्याकडे नाही, पायाशी पडणाऱ्या धारेकडे बघत होती.

शांताबाईंनी थोडा वेळ निरखून पाहिलं. "हाव," त्या म्हणाल्या, "वारा फिरला खरा."

गयाबाई खाली बसली. पदर सारखा केला, माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "दिसलं, बाई."